दुपारचे पाय

आमच्या वन्संच्या पायांचे या घरात जेवढे लाड झाले तेवढे माझ्या पोरांचेही झाले नाहीत. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांचे यजमान फार लवकर गेले, तेव्हापासून त्या आमच्यापाशी. खरं म्हणजे आम्हीच त्यांच्यापाशी, कारण दोन खोल्यांचं हे घर त्यांच्या कारखान्याच्या नोकरीवर मिळालेलं. ही गोष्ट त्यांनी कधी बोलून दाखवली नाही, फक्त विसरू दिली नाही. पाण्याच्या बादल्या जिन्यावरून मी चढवायच्या, बाजारहाट मी करायचा. का, तर जड उचललं की पाऊल पसरतं! घरातसुद्धा मऊ सपाता घालून फिरायच्या आणि झोपताना तळव्यांना तेल लावायच्या. ते तेल स्वतःच्या हाताने लावायच्या, एवढी मेहेरबानी होती.

बुटांच्या कारखान्यात त्या शिलाईवर लागल्या होत्या. तिथे बायकांच्या बुटाचा नवा नमुना आधी पाच नंबरात करतात आणि कुणाच्या तरी खऱ्या पायात घालून बघतात, कारण लाकडी साचा काही बोलत नाही. कधीतरी कुणीतरी वन्संचा पाय मोजला, आणि तो लांबीला, रुंदीला, चवड्याला, टाचेला अगदी बरोब्बर पाच नंबर निघाला. झालं. शिलाई सुटली. पुढे आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं, नवा बूट घालून चालायचं आणि तो कुठे चावतो ते सांगायचं. लांब बोळातल्या फरशीवरून चालायच्या, जिना चढायच्या-उतरायच्या, आणि मग नुसत्याच उभ्या राहायच्या. चालताना बूट खोटं बोलतो, उभं राहिलं की कबुली देतो, असं म्हणायच्या. जिथे चावेल तिथे बुटाच्या आत खडूने एक आडवी रेघ ओढायच्या. रेघ दिसली की बूट परत कारागिरांकडे, त्यावर वाद नाही. कारखान्यात सगळे त्यांना पाऊलबाई म्हणायचे आणि हे नाव त्या दागिन्यासारखं मिरवायच्या.

त्यांचा एक नियम होता. बूट घालून बघायचा तो जेवणाच्या सुट्टीनंतर, त्याआधी नाही. सकाळी जगातला कुठलाही बूट बसतो, पाय दुपारी फुगतात आणि कामावरच्या बाईला बूट दुपारच्या पायांनीच घालावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. मोठे साहेब घाई करत आले तरी सकाळच्या वेळी वन्सं बुटाला हात लावायच्या नाहीत, ढिम्म बसून राहायच्या. आमच्या गल्लीतल्या बायका दुकानात जायच्या आधी त्यांना विचारायच्या. वन्सं स्वतःच्या कंपनीचा बूट असला तरी वाईट असेल तर "तो नको" म्हणून मोकळ्या व्हायच्या. मी पाठीमागे कितीही बोटं मोडली तरी हे मान्य करते, की या एका बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे शब्द होता. दुसरं होतं काय त्यांच्याकडे? ना नवरा, ना मूल. शब्द होता आणि ते पाय होते.

मग कंपनीच्या जाहिरात खात्यात एक चटपटीत पोरगी आली. तिच्या डोक्यातून निघालं की आता जाहिरातीत नट्या नकोत, कारखान्यातली खरी जाणती माणसं दाखवायची, त्यांची गोष्ट त्यांच्याच तोंडून. चामडं रंगवणारे एक म्हातारे होते, तळ बसवणारा एक होता, पण पहिल्या कोण, तर पाऊलबाई. कारण नवा बूट येणार होता तो दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांसाठी, नर्सा, शिक्षिका, दुकानातल्या मुली यांच्यासाठी. ती पोरगी घरी आली, चहा प्यायली, वन्संचं लहानपण विचारलं, यजमानांचं विचारलं, दोनदा डोळे पुसले. जाताना म्हणाली, पाऊलबाई, लोक बूट विकत घेत नाहीत, गोष्ट विकत घेतात. वन्सं लगेच हरभऱ्याच्या झाडावर. मला म्हणाल्या, पडदे धुऊन टाक, पुन्हा कॅमेरा घेऊन येतील. मी धुतले. कॅमेरा काही आमच्या घरी आला नाही.

चित्रीकरण कारखान्यातच होतं, सकाळी. कपड्यांची पिशवी धरायला मी बरोबर गेले. त्या नेहमीच्या बोळात दिवे लावले होते, फरशी पुसून आरशासारखी केली होती. एका कोपऱ्यात टॉवेलवर पाय ठेवून एक तरुण मुलगी बसली होती, आणि दुसरी एक बाई तिच्या पायांना काहीतरी चोळत होती. वन्संनी विचारलं, ही कोण. जाहिरातवालीने साखर पेरत सांगितलं, की चेहरा तुमचा, आवाज तुमचा, फक्त पाय जवळून दाखवायचे तेव्हा या ताईंचे दाखवू. तुमच्या पायांना कुरुपं आहेत ना, आणि ते एक नख काळं आहे.

वन्संच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती कुरुपं कुठून आली होती? लोकांना चावू नयेत म्हणून जे बूट यांनी स्वतःला चावू दिले, त्यांची ती देणगी. सगळ्यांदेखत म्हणाल्या, "गोष्ट माझी आणि पाय हिचे?"

कॅमेरावाला पुटपुटला की सूजही दिसते आहे थोडी. वन्संनी घमेलं मागवलं, बर्फाचं पाणी मागवलं आणि त्यात पाय सोडून बसल्या. दात वाजत होते, पण उठल्या नाहीत. काळ्या नखावर रंग लावून घेतला. पाय बाहेर काढले तेव्हा पांढरेफटक आणि इवलेसे दिसत होते, एखाद्या नव्या नवरीचे असावेत तसे. मी टॉवेलने पुसले आणि खरं सांगते, मलाही आनंद झाला. त्या मुलीला घरी पाठवलं. आमच्या माणसाची जीत झाली, असंच मला वाटलं.

आणि मग जे त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं ते केलं. सकाळच्या पायांनी, त्यातही गारठून आकसलेल्या पायांनी, त्यांच्याकडे आधी तपासायला न आलेला नवा बूट घातला. चालल्या, जिना चढल्या, उभ्या राहिल्या. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "चावत नाही." एकदा सरळ बघून, एकदा हसून, एकदा बाजूने. खोटं बोलल्या नाहीत हो. तेव्हा तो खरंच चावत नव्हता.

जेवणानंतर दिवे आवरत होते. वन्संनी सवयीने बूट परत पायात घातला आणि जिन्यावर गेल्या. चार पायऱ्यांतच थांबल्या. खाली बसल्या, बूट काढला, खिशातला खडू काढून टाचेच्या शिवणीवर आतून रेघ ओढली आणि तशाच अनवाणी साहेबांच्या खोलीकडे निघाल्या. अनवाणी चालताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

साहेब म्हणाले, या वेळी घाई होती, माल तयार व्हायला लागलाय, खोकी छापायला निघालीत, दोन दिवस वापरला की बूट आपोआप सैल होतो, एवढं काय. वन्संनी त्यांना टाच दाखवली. साहेबांनी पाहिली आणि फोन उचलला. मग वन्सं जाहिरातवालीकडे गेल्या. ती म्हणाली, पण तुम्हीच म्हणालात ना, आमच्या चित्रीकरणात आहे की.

"मी सकाळी म्हणाले," वन्सं म्हणाल्या.

त्या पोरीला काही कळलं नाही. किती गोड बोलता तुम्ही, म्हणत तिने वन्संच्या गळ्यात हात टाकला.

जाहिरात आली. दुकानादुकानात वन्संचा हसरा चेहरा लागला, प्रत्येक खोक्याच्या झाकणावर लागला, खाली लिहिलेलं: पाऊलबाई म्हणतात, चावत नाही. सुरुवातीला शेजारणी कौतुक करायला आल्या. मग टाचा घेऊन आल्या. कुणाला फोड, कुणाचं कातडं सोललेलं. वन्सं दारात बसून एकेकीचा बूट ओल्या फडक्याने मऊ करून द्यायच्या, लाटण्याने टाच ठोकून द्यायच्या. ज्यांच्या तोंडाचा पट्टा मी इतकी वर्षं ऐकला, त्या मूग गिळून बसल्या होत्या.

खालच्या मजल्यावर एक नर्स राहते. गरीब स्वभावाची, कधी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. ती आली तेव्हा दोन्ही टाचांना पट्ट्या होत्या. भांडली असती तर बरं झालं असतं. दारातच उभी राहून म्हणाली, "दुकानदाराने दुसरा दाखवला होता, आत्या. तुम्ही सांगताय म्हणून हा घेतला."

वन्सं दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या आणि माझा चेहरा काढा म्हणाल्या. तिथे त्यांना चहा दिला. लोकांचा तुमच्यावर विश्वास आहे बाई, म्हणूनच तर तो चेहरा आहे, असं समजावलं. साहेबांनी कानांवर हात ठेवले, म्हणे जाहिरातीचं खातं वेगळं.

त्या दिवसापासून वन्सं तोच बूट घालायला लागल्या. कारखान्यात, बाजारात, घरात. मी ओरडले, नवरा ओरडला. काय डोकंबिकं फिरलंय का तुमचं, इतकी वर्षं पायांपायी आम्हाला नाचवलंत ते काय यासाठी? तर म्हणाल्या, मी सांगितला तो मी घालायला नको? संध्याकाळी मोजा काढताना तो कातड्याला चिकटलेला असायचा. मी गरम पाणी करून द्यायची, पाय पुसून द्यायची. ज्या पायांचा मी इतकी वर्षं राग राग केला ते पाय हातात घेऊन मला रडू यायचं, आणि रडू आलं म्हणून पुन्हा त्यांचाच राग यायचा.

व्हायचं तेच झालं. टाच पिकली, पाऊल सुजलं ते उतरेना, आणि पाच नंबर राहिला नाही. आता त्यांना प्रत्येकच बूट चावायचा. येईल त्या नमुन्यात त्या रेघ ओढायला लागल्या. साहेबांनी तो कोपऱ्यातल्या टॉवेलवरचा सुंदर पाय बोलावून घेतला. त्या मुलीला सकाळचीच वेळ सोयीची होती. आणि वन्संना दिलं पॅकिंग. खोकं उघडायचं, कागद घालायचा, बुटांची जोडी ठेवायची, झाकण लावायचं. झाकणावर त्या स्वतः, हसणाऱ्या. दिवसभर स्वतःचंच तोंड बंद करायचं.

कपडे धुताना त्यांच्या खिशात मला खडू सापडला. आता याचं काय काम, म्हणून विचारलं. म्हणाल्या, "रेघ ओढते. प्रत्येक जोडीत, टाचेपाशी. दुसरं काय येतं मला?"

परवा पोरांना चपला घ्यायला मी दुकानात गेले होते. शेजारच्या बाकावर एक मुलगी बसली होती, पहिलीच नोकरी लागलेली, दुकानात काउंटरवर उभं राहायचं काम, आईला सगळं उत्साहाने सांगत होती. दुकानदाराने खोकं उघडलं. बूट काढला, टाचेपाशी पांढरं दिसलं तसं अंगठ्याने पुसून टाकलं. कारखान्यातली धूळ, म्हणाला.

मला राहवलं नाही. म्हटलं, अगं घेऊ नकोस, चावतो तो.

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग झाकणाकडे. ते माझ्यापुढे धरून हसत म्हणाली, "या तर म्हणतात, चावत नाही. आणि यांना जास्त कळत असेल ना?"

तिने बूट घातला, उठली, दुकानातल्या दुकानात दोन फेऱ्या मारल्या. सकाळची वेळ होती. बूट तिला छान बसला.