बोर्लीहून आणलेली जीप

आमच्या शाळेत कोणी नवीन शिक्षक रुजू झाला की दोन-चार दिवसांत विचारतोच, "घरत सर, बाहेर ती जीप तुमची का?" जुने लोक लगेच वह्या तपासायला घेतात. त्यांना माहीत असतं, आता मधली सुट्टी गेली. पण यात माझा काय दोष? नवी गाडी घेतली की पेढे वाटून विषय संपतो. लोकांनी वीस-बावीस वर्षं पिदाडलेली फोर व्हील ड्राइव्ह घेतली की दर पंधरा दिवसांनी काहीतरी होतं, आणि झालं की ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जीप घ्यायचं कारण खरं होतं. किहीमपासून आत, डोंगराच्या अंगाला आमची छोटी आंब्याची बाग आहे. शेवटचा टप्पा लाल मातीचा आणि उभा चढ. पावसाळ्यात तिथं मोटरसायकलसुद्धा माघार घेते. माझी बायको सुनीता म्हणाली, "बागेत तुम्ही वर्षातून दहा वेळा जाता. शाळेत रोज जाता."

मी म्हणालो, "शाळेला डांबरी रस्ता आहे."

ती भाजी निवडायला आत गेली. मी तो होकार समजलो.

*

माझा बालमित्र नरेश ट्रकच्या धंद्यात आहे. त्याला खबर लागली की बोर्ली पंचतनला एका निवृत्त डॉक्टरांची जीप विकायची आहे. डोंगरातल्या वाड्यांवर पेशंट बघायला ते तीच घेऊन जात. आम्ही गेलो तेव्हा मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. डॉक्टर म्हणाले, "आतली पाहणी करा, पण हळू आवाजात."

माणूस सरळ. पेशंटच्या नातेवाइकांना सांगावं तसं त्यांनी एकेक दुखणं सांगितलं. किल्ली फिरवली की सेल्फ कधी लागतो, कधी नाही. हूड गळतं. मी विचारलं, "आणि ब्रेक?"

"उत्तम. फक्त थांबायचं जरा आधी ठरवावं लागतं."

नरेशने माझ्याकडे बघितलं. मी कोंबडीकडे बघितलं. पुढच्या रविवारी, पिल्लं बाहेर आल्यावर, आम्ही जीप ताब्यात घेतली. ब्रेक तिथेच करून घेतले, मगच निघालो.

*

येताना दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला उतरायचं होतं. आमची जीप बोटीत सगळ्यात पुढे. बोट धक्क्याला लागली, फळी खाली आली आणि सेल्फने तो दिवस 'कधी नाही'चा ठरवला. मागे दोन टेम्पो, सात-आठ गाड्या, सगळे हॉर्नवर. नरेश स्टिअरिंगला, मी ढकलायला. मग बोटीवरचे लोक एकेक करून आले. पुढे उभा चढ, त्यामुळे चार पावलं पुढे आणि दोन मागे.

माशांच्या पाट्या घेऊन बसलेली एक म्हातारी कोळीण हे सगळं शांतपणे बघत होती. शेवटी म्हणाली, "मास्तर, तिला उतरायचंच न्हाय. तिकीट काढा नि परत न्या."

मी शिक्षक आहे हे तिला कसं कळलं, ते मला अजून कळलेलं नाही.

*

अलिबागला युसुफभाईंचं गॅरेज आहे. युसुफभाई मोजकं बोलतात. त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली, आत वाकले आणि पायाखालच्या पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हर हलकेच टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"सर," युसुफभाई म्हणाले, "पत्रा नाही हा. नुसता रंग आहे."

खाऱ्या वाऱ्याने पत्रा केव्हाच खाल्ला होता. वेल्डिंगवाला पुढच्या आठवड्यात येणार होता आणि मधल्या रविवारी पोयनाडला सुनीताच्या मावसबहिणीचं लग्न होतं. मी म्हणालो, "पाय जरा वर धरून बस." ती बसली. कार्यालयापाशी उतरली तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. भोकातून कुठे पडली देवाला ठाऊक.

सुनीताने दुसरी चप्पल काढून जीपमध्ये ठेवली, पदर सारखा केला आणि अनवाणी आत गेली. दुपारी जेवताना कोणीतरी बायकांच्या पंगतीत विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नवस आहे. जीप विकली जाईपर्यंत."

*

जीप घेतल्यावर पहिल्या पावसाळ्यात मी बागेचा चढ ऐटीत चढायचो. चढाच्या खाली थांबायचं, फोर व्हीलचा छोटा लिव्हर ओढायचा, आणि वर. पाहुणे आले की मुद्दाम घेऊन जायचो. "बघा, आता पुढची चाकंसुद्धा ओढतायत," असं सांगायचो. एका पाहुण्याने तर फरक जाणवतो म्हणून मान डोलावली होती.

महिन्याने युसुफभाई ग्रीसिंग करताना पुढच्या चाकाशी बसून विचारायला लागले, "सर, हे हब तुम्ही फिरवता ना?"

"कसले हब?"

जुन्या गाड्यांत नुसता लिव्हर ओढून भागत नाही. खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मधली चकती हाताने फिरवून लॉक करावी लागते. मी ती एकदाही फिरवली नव्हती. म्हणजे महिनाभर मागच्याच दोन चाकांवर चाललं होतं.

"पण चढली ना ती," मी म्हणालो.

"चढली," युसुफभाई हात पुसत म्हणाले. "तिला कोणी सांगितलं नव्हतं."

*

नोंदणीची मुदत वाढवायला जीप आरटीओत पासिंगला नेली. आदल्या दिवशी थोडं वायरिंग मी स्वतः केलं होतं. व्हिडिओ बघून. तपासणारे साहेब म्हणाले, "हॉर्न वाजवा." मी बटण दाबलं, वायपर फिरायला लागले. साहेबांनी चेहरा अजिबात बदलला नाही. म्हणाले, "वायपर लावा." मी लावले. हॉर्न एवढा मोठा वाजला की रांगेतला पुढचा रिक्षावाला बाजूला झाला.

"चालतात दोन्ही," साहेब म्हणाले. "आता आपापल्या जागी चालवून आणा."

*

गेल्या डिसेंबरात किहीमच्या किनाऱ्यावर एका गृहस्थांनी मनाईचा बोर्ड ओलांडून कोरी करकरीत गाडी वाळूत घातली आणि ती पार तळापर्यंत रुतली. भरती लागली होती. नरेश तिथेच होता, त्याने मला फोन केला. सुनीता जीपमध्येच होती, आम्ही बाजारातून येत होतो.

या वेळी मी खाली उतरून दोन्ही हब लॉक केले. दोर बांधला, ओढलं. हलेना. पाणी त्यांच्या मागच्या चाकांपाशी आलं. सुनीता खाली उतरली, केसातली पिन काढली आणि त्यांच्या टायरची हवा सोडायला बसली.

"अहो मॅडम, काय करताय? टायर नवे आहेत."

"समुद्र जुना आहे," सुनीता म्हणाली.

चारही टायर निम्मे बसून वाळूवर पसरल्यावर पुन्हा ओढलं. गाडी वर आली. गृहस्थ सुनीताला एवढंच म्हणाले, "गाडीत माझी मुलगी झोपली होती. उठवायलाही सुचलं नाही." सुनीताने मुलीला उठवून पाणी दिलं.

नरेशच्या पंपाने त्यांचे टायर भरले. ते निघाले आणि आमची जीप सुरूच होईना. शेवटी त्याच दोराने त्यांनी आम्हांला अलिबागपर्यंत ओढत नेलं. युसुफभाई गॅरेजच्या दारात येऊन कोऱ्या गाडीकडे बघत राहिले, मग जीपकडे.

"कोणी कोणाला काढलं?"

"आळीपाळीने," नरेश म्हणाला.

*

माझ्या वडिलांनी तीस वर्षं मिठाचे ट्रक चालवले, पेणहून घाटावर. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. हात हळूहळू सुधारला. शब्द मात्र एकही नाही. अलिबागला एका तरुण मॅडमकडे स्पीच थेरपीला नेत होतो. त्या चित्रं दाखवायच्या. कप, गाय, घर. बाबा चित्राकडे बघायचे, मग खिडकीबाहेर. सात महिने झाले. घरी आम्हीही त्यांच्याशी कमी बोलायला लागलो होतो. आपणच बोलत राहिलो की त्यांचे डोळे भरतात, ते बघवत नव्हतं.

मे महिन्यात एकदा त्यांना बागेत घेऊन गेलो. आंबे उतरवून झाले, बाबांना मी पुढच्या सीटवर पट्टा बांधून बसवलं, आणि आम्ही उतरायला लागलो. उतारावर मला तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचं होतं. गिअर पडेना. मी दामटला. आतून असा खरखराट आला की माझेच दात शिवशिवले. पुन्हा दामटला.

"डबल क्लच मार रं, गाढवा."

मी आधी मागे बघितलं. मागे फक्त आंब्याच्या पेट्या होत्या. कशीबशी जीप बांधाला लावून उभी केली.

"बाबा, काय म्हणालात?"

बाबा समोर रस्त्याकडे बघत होते. कपाळाला आठी. मी ट्रक शिकताना असायची तीच. मग मी डबल क्लच मारून, म्हणजे क्लच दोनदा दाबून गिअर टाकत, खाली आलो आणि त्यांनी मान हलवली.

पुढच्या मंगळवारी थेरपीला गेलो. मॅडमनी कप दाखवला, गाय दाखवली. बाबा खिडकीबाहेर. मी सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"चार शब्द? सलग?"

"पाच. शेवटचा माझ्यासाठी होता."

"आणि त्याआधी तुम्ही नेमकं काय केलं होतं?"

"गिअर चुकीचा टाकला होता."

मॅडमनी बाबांकडे बघितलं, फाइल उघडली, बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि ती माझ्या हातात देत म्हणाल्या, "रोज टाका."