कोल्हारच्या काकूंनी काढलेले काका

आमच्या युनिव्हर्सिटीच्या चित्रकला विभागात प्राध्यापक पुष्कळ होते, पण साऱ्या विभागाला धाक होता तो एकट्या काकूंचा. आणि काकू होत्या माझ्याच वर्गातल्या विद्यार्थिनी. धाकट्या लेकीचं लग्न उरकल्यावर बावन्नाव्या वर्षी त्यांनी प्रवेश घेतला. का, असं विचारलं की म्हणत, "रांगोळ्या काढून काढून अंगण संपलं, म्हनून आले." रोज कोल्हारहून एसटीने यायच्या. खिडकीची जागा चित्रांच्या फाईलला, कडेची स्वतःला.

वस्तुचित्राच्या तासाला सरांनी पेरू मांडले, तर दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "सर, हे आजच खायाला पायजेत, उद्या उतरत्याल." नुसतं म्हणून थांबल्या नाहीत, कापून, तिखटमीठ लावून वाटलेही. सरांनीही दोन फोडी घेतल्या, आणि चित्रं आम्ही आठवणीवर पुरी केली. मॉडेल म्हणून बसलेल्या आजोबांना एकदा त्यांनी सहज विचारलं, "सून बघती का नीट?" आजोबा जे बोलायला लागले ते तीन दिवस. चेहरा दर घटकेला वेगळा, त्यामुळे आमच्यापैकी एकाचंही चित्र दुसऱ्याशी जुळलं नाही.

शेवटच्या वर्षी व्यक्तिचित्र करायचं होतं. काकूंनी नवऱ्याला बसायला सांगितलं. काका शेतकरी, अबोल माणूस. ते एवढंच म्हणाले, "भिंतीवर फोटू कवा लागतो, ठावं हाय ना? मी अजून जित्ता हाय." सरांनी दुसरा कुणी घ्या म्हणून सुचवलं, पण काकू ऐकेनात. "तीस वर्सं ज्याच्याकडं धड बघायला सवड गावली न्हाई, त्यालाच बघनार." घरी त्यांनी पेन्सिल उचलली की काका पाठ फिरवत. शेवटी काकूंनी ती पाठच रंगवली: उसाच्या बांधावर बसलेला, मान किंचित वाकलेला माणूस.

प्रदर्शनाला काका इस्त्रीचा सदरा घालून आले. त्या चित्रासमोर उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "मान लई वाळलीया गं माझी."

"तरी म्हनत हुते, दोन घास जास्त खात जावा."

काकांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, काकूंकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, "काढ आता."

साऱ्या विभागाला गप्प करणाऱ्या काकू "आसं लगीच न्हाई येत," असं पुटपुटत भिंतीकडे वळल्या आणि सरळच असलेली फ्रेम सरळ करत राहिल्या.

मी आता पुण्यात बिस्किटांच्या पुड्यांची डिझाईन करते. काकूंचा अधूनमधून फोन येतो. "काय काढतीस सध्या?" त्या विचारतात. "चाललंय काकू थोडंथोडं," मी सांगते. मी स्वतःचं असं काहीच काढत नाही, हे काकूंना कळलेलं असतं. पण त्या रागवत नाहीत. काकांची तब्येत, पेरूचा बहर, असलं काहीबाही सांगत बसतात. त्यांनी एकदा रागवावं, असं फार वाटतं.