सावळारामचा काळा पडदा

टायपिंगच्या परीक्षेत दोनदा नापास झालेल्या माणसानं टायपिंगचंच दुकान काढावं, याला छातीच लागते. मंचरच्या सावळारामला ती होती. २००६ साली सगळे माऊस फिरवत, तेव्हा हा कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं बडवी. बोटं निम्मी अक्षरं गाळत, म्हणून तीन महिने खपून त्यानं कॉम्प्युटरलाच गाळलेली अक्षरं पोटात घालायला शिकवलं. फायलीच्या नावातली क्रमानं चार-पाच अक्षरं दिली, की जुळणाऱ्या फायलींची यादी हजर! लोक म्हणत, "स्वतः सुधरला न्हाई, मशीन बिघडवलं."

एका दुपारी धामणीची सरुबाई धापा टाकत आली. नवऱ्याचा पाय अधू झालेला. त्याच्या पेन्शनचा अर्ज द्यायची आज शेवटची तारीख होती, आणि सोबत जोडायची डॉक्टरच्या दाखल्याची प्रत शेळीनं खाल्ली होती. मागं सावळारामनं तो दाखला स्कॅन केला होता. कचेरी घोडेगावला, तिकडची एसटी तीनला, आणि पावणेतीन झालेले.

"मालकांचं नाव सांगा, आजी."

सरुबाई भिंतीवरच्या खंडोबाकडं बघत राहिली.

"आवो, नाव!"

"आमी घेत न्हाई."

"मग आडनाव?"

"निम्मी धामणी त्याच आडनावाची हाय."

सावळारामनं कपाळाला हात लावला. बाईचा नेम मोडायला लावणं त्यालाही बरं वाटेना. पण फायलींच्या नावात तो गाव, काम, माणसाचं नाव असं सगळंच घालायचा. त्यानं धामणीची दोन अक्षरं दिली, दाखल्याची दोन. दोन हजार फायलींतल्या नऊ उरल्या.

"मी वाचतो, तुमी नुसती मान हलवा. दादाभाऊ?"

"त्यो दीर माजा."

"कुंडलिक?"

"त्यो मेला की दिवाळीत! त्याला कशाला काढताय?"

"गोरख?"

"ते लई तरणं हाय, राव."

"जानकू?"

सरुबाईनं पदर तोंडाला लावला. पासष्टीची बाई, नवी नवरी लाजावी तशी लाजली.

सावळारामनं प्रिंट सोडली. कागद गरम होता तोच तिच्या हातात दिला.

"पण आजी, कचेरीत साहेबानं नाव इचारलं तर?"

"हे काय, हितं लिवलंय की!" तिनं कागद छातीशी धरला. "म्हून तर एवढी धावत आले. त्यो वाचंल, मी मान हलवीन."

आणि ती एसटीच्या दिशेनं पळाली.