अम्मीचा खोकला

परवा मुलीनं फोनवर एका गोऱ्या, म्हाताऱ्या गायकाच्या निवडक गाण्यांचा संग्रह लावला. पन्नास वर्षांची गिटार, माउथऑर्गन आणि तोच घोगरा आवाज. बायको ठेच्यासाठी मिरच्या भाजत होती. तो ठसका नाकात गेला आणि मी थेट पुसदला, सलीमच्या घरी पोचलो.

सलीम आणि मी तेव्हा एकाच कॉलेजात होतो. या गायकाची कॅसेट कुणाकडून तरी मागून आणलेली, दुपारच्या एसटीनं परत धाडायची होती. दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवले आणि पंखा बंद केला. एक वाजणार, दुसरा ऐकून भरून घेणार. म्हणून घरात कुणी चूं करायचं नाही. सलीमच्या अम्मीच्या मिरच्या मात्र आधीच तव्यावर पडल्या होत्या. बिचारी तोंडात ओढणी कोंबून, लाल डोळ्यांनी बसून राहिली. शेवटच्या गाण्यात गायक मध्येच थांबला. अम्मीला वाटलं, संपलं.

"अब तो खांसू क्या रे, पोट्टेहो?"

"नाई!" आम्ही दोघंही ओरडलो, आणि गाणं पुन्हा सुरू झालं. सगळं टेपात उतरलं. दुसऱ्यांदा भरायला वेळ नव्हता. पुढं कितीतरी वर्षं आम्ही ते गाणं तसंच ऐकलं.

अम्मी आता नाही. परवा ती जागा आली, गायक थांबला, आणि कुणीच काही विचारलं नाही. मग मीच मोठ्यानं विचारलं, "अब तो खांसू क्या रे?"

आतून बायको म्हणाली, "खोका नं! कोणं अडवलं तुमाले?"