माइकपुढची विठाबाई

सिकंदराबादजवळच्या विद्यानगरच्या वस्तीत विठाबाईंचा शब्द चालायचा. नवरा गेल्यावर मुलींच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये राबून त्यांनी नांदेडकडून आलेला संसार एकटीने ओढला. बुद्धविहारात तर त्यांनी सुरुवात केल्याशिवाय एकही बाई वंदनेला तोंड उघडत नसे. या बाईला कुणी फसवू शकत नाही, असं वस्ती म्हणायची. पोटच्या पोराचा विचार वस्तीने केलेला नसावा.

पोर म्हणजे अमरदीप. पस्तिशी उलटली तरी सिनेमात मार खाण्यापलीकडे त्याची मजल गेली नव्हती. यंदा मात्र एका हिंदी मारधाडीच्या पिक्चरमध्ये त्याला नाव असलेलं काम मिळालं. व्हिलनचा उजवा हात, कैची. मग त्याने आईला समजावलं की थेटराबाहेर माइकवाली पोरं पब्लिकला पिक्चर कसा वाटला ते विचारतात आणि ते मोबाइलवर सगळीकडे दिसतं. तिथे कैची गाजला तर मुंबईवाले बोलावतील, नाही तर हे शेवटचंच काम.

"माय, विहारातल्या बायका घेऊन ये," तो म्हणाला. "पण तू माझी कोण ते सांगू नको. घरच्यांच्या तारिफेला कोण विचारतं?"

रोज पंचशील म्हणणारी बाई ती. खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं. पण पोराचं नशीब म्हटल्यावर आईचं काय चालतं? त्यांनी बायकांकडून एक वाक्य पाठ करून घेतलं आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना सिकंदराबादच्या थेटरात नेलं.

पिक्चर बंडल होता. हीरो दर पाच मिनिटांनी काहीतरी उडवत होता. कैची इंटरवलच्या आधीच मेला, आणि मरायला इतका वेळ लावला की लोक हसून हसून शिट्ट्या मारू लागले. विठाबाई तेवढ्या खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसल्या.

बाहेर आल्यावर माइक पुढे आला. खरं तर एकेकीने बोलायचं होतं. पण वंदनेची सवय! बायका विठाबाईंकडे बघत थांबल्या आणि त्यांनी तोंड उघडताच सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "हीरो से ज्यादा कैची ने जान डाल दी."

गर्दीत हशा पिकला. माइकवाला काही दूधखुळा नव्हता. त्याने विठाबाईंनाच गाठलं.

"अम्मा, वो कैची आपका कौन लगता?"

"कोई नै लगता," विठाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

तेवढ्यात काळा गॉगल लावून अमरदीप बाहेर आला. माइकवाल्याने त्याला आईशेजारी उभं केलं आणि अम्मा का रडतेय, म्हणून विचारलं. माय आहे माझी, असं म्हणून तिला घेऊन जाता आलं असतं. त्याने कॅमेऱ्याकडे बघितलं, आईच्या खांद्यावर हात टाकला.

"अपनी फॅन है," तो म्हणाला. "बेचारी सुबह से खडी थी."

विठाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठवड्याच्या आत पिक्चर उतरला. बघणाऱ्यांनी त्याला कचरा ठरवलं. तेवढा अम्माचा व्हिडिओ मात्र हातोहात फिरला. मेसमधल्या मुली विठाबाईंना फॅन आंटी म्हणू लागल्या. मग वस्तीतल्याच कुणीतरी व्हिडिओखाली खरं काय ते लिहून टाकलं आणि आईला न ओळखणारा म्हणून लोकांनी अमरदीपला धुऊन काढलं. त्याला लाज वाटली असेल, असं वाटतं का? तो खूश होता. कैचीचं नाव ज्याच्या त्याच्या तोंडी झालं होतं. त्याने स्वतःच माइकवाल्याला घरी बोलावलं.

विठाबाईंना पलंगावर बसवलं. आता खरं सांग, मी तुझा मुलगा आहे म्हण आणि रड, असं अमरदीपने बजावलं. विठाबाईंनी सांगितलं. आवाज कोरडा, डोळे कोरडे. माइकवाल्याने नकारार्थी मान हलवली. पुन्हा घेतलं, तरी जमेना. तेव्हा अमरदीप चिडला.

"माय, थेटरापुढं कशी रडलीस? तसंच रड की."

विठाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. हे आपण जन्माला घातलं, हे आपण वाढवलं, असं मनात आलं आणि त्यांना जे रडू फुटलं ते आवरेना. त्यांनी पदरात तोंड लपवलं.

अमरदीप लगबगीने पुढे झाला. त्याने तो पदर धरून खाली ओढला.

"तोंड झाकू नको, माय," तो म्हणाला. "दिसलं पाहिजे."