चूक मागून येते

पांढुर्ण्याच्या संत्रा मंडीत कम्प्युटरवर बसणारी ती बाई ‘झालं’ या शब्दावर विश्वास ठेवत नाही. शेतकऱ्यांना संत्र्याच्या भावाचे मेसेज पाठवणारा प्रोग्राम तिनंच लिहिला. बटण दाबलं की पडद्यावर लगेच ‘झालं’ येतं. मेसेज मात्र मागून सावकाश जात राहतात. दुसरं कोणी असतं तर चहाला उठलं असतं. ही चष्मा कपाळावर चढवून बसून राहते. मेसेज पोचले की अडले याचे निरोप परत आले की अडलेल्या एकेका मेसेजचं कारण उघडून वाचते आणि त्या शेतकऱ्याला स्वतः फोन लावते.

हे मेसेज घेणाऱ्यांतला मी एक शेतकरी. एकदा ‘झालं ना’ म्हणून घाई केली, तर म्हणाली, “थांबा काकाजी, अजून निरोप येऊन राहिले. गलती मागूनच येते. बसून विचारा लागते.”

यंदा वडिलांनी लावलेली संत्र्याची बाग वाळली, तोडावी लागली. मेसेजच्या यादीतून माझा नंबर काढून टाका, हे सांगायला मी मंडीत गेलो.

“बरे आहात ना, काकाजी?”

“हो, सगळं बरं आहे.”

तिनं चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडे खुर्ची सरकवली आणि बसून राहिली.

रडू मला मागून आलं.