मुशीचं तेल प्यालेली अक्रोडाची पेटी

आमच्या घराण्यातली सगळ्यांत देखणी वस्तू आम्ही नणंदेला लग्नात दिली, आणि तिच्या सासूने ती गोठ्यात ठेवली. गाईलाही ती आवडली नाही. पण ते पुढे. (मी बोलायला बसले की शेवटाकडून सुरुवात करते, असं आमचे हे म्हणतात. ते स्वतः सुरुवातच करत नाहीत.)

तेव्हा आम्ही आगरदांड्याला राहायचो, खाडीच्या काठाला. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. सासू-सासरे दोघंही वारलेले, त्यामुळे नणंद चंद्रा हिचं लग्न आम्हां दोघांच्या अंगावर. स्थळ आलं दिवेआगरच्या बाजूचं. माणसं आमच्याच जातीतली, कोळी. पण घर माळकरी. मुलाच्या आईच्या, म्हणजे आमच्या विहीणबाईंच्या, गळ्यात तुळशीची माळ. त्यांच्या होड्या समुद्रावर जायच्या, मासळी बाजारात जायची, फक्त चुलीपर्यंत कधी यायची नाही.

सुपारी फुटली त्या दिवशी विहीणबाई उठता उठता म्हणाल्या, "पोर चांगली हाय. पेटी तेवढी धड द्या. थोरल्या सुनेच्या पेटीचा तळ वाटेत निखळला. लोकांनी लुगडी गोळा करून आणून दिली."

दाराआड उभ्या चंद्राने ते ऐकलं. पाहुणे गेल्यावर ती मला म्हणाली, "वयनी, मला सोनं नको, नाणं नको. पेटी अशी पायजे की बघून सासूचं तोंड मिटलं पायजे."

(तोंड मिटलं. पदराने. तेही पुढे.)

माझा धाकटा दीर नामा पलटणीत होता, काश्मिरात. तो माघात रजेवर आला तो चंद्राच्या पेटीसाठी बिछान्याच्या वळकटीत फळ्या गुंडाळून. गाडीत बिछाना फळ्यांना आणि बसून झोपायचं ह्याने, असा सगळा प्रवास केलेला.

"ह्ये काय?" मी विचारलं.

"अक्रोड."

"खायचा?"

"वयनी, खायचा झाडावर लागतो. ह्ये झाड."

अक्रोडाला झाड असतं याचा मी कधी विचारच केला नव्हता. आमच्याकडे तो वाण्याच्या बरणीतच जन्माला यायचा. मी फळी हातात घेतली. मातकट, धुरकट, काही विशेष नाही. सागाच्या फळीपुढे तर अगदीच गरीब. तोंडावर कौतुक करावं म्हणून मी म्हटलं, "बरी हाय."

नामा हसला. त्याने अंगठा जिभेला लावला आणि फळीवरून ओढला. आणि काय सांगू, त्या ओल्या पट्ट्यात एकदम रंग उमटला. गुळाच्या काकवीसारखा, आणि त्यात काळसर रेघा, एकात एक शिरलेल्या. ओहोटी लागल्यावर ओल्या वाळूवर पाणी जशी नक्षी ठेवून जातं ना, हुबेहूब तशी. आम्ही तिघं-चौघं अंगठे चाटून फळ्यांवर तुटून पडलो. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, ह्या घरात लाकूड खातात.

तिकडच्या सुताराने नामाला निवड शिकवली होती. "कडेचा पांढुरका भाग घ्यायचा न्हाय, त्याला कीड लागते. काळा गाभा घ्यायचा. आन नक्षी पायजे तर बुंध्याजवळचा तुकडा." असा बुंध्याजवळचा तुकडा एकच होता. तो झाकणाला, हे मी तिथल्या तिथे ठरवलं. आमचे हे म्हणाले, "झाकणाला सरळ रेघांची फळी बरी. नक्षीची वाकंल." मी म्हटलं, "वाकली तर वाकली, दिसंल तर खरी." (ती वाकली नाही. हे मी त्यांना अजून अधूनमधून सांगते.)

जाताना नामाने बजावलं, "दादा, घाई करू नको. म्हयनाभर माळ्यावर ठेव, हिकडची हवा पिऊ दे लाकडाला. लोखंडाचा खिळा मारू नको, डाग पडंल. आन सगळं झालं की तेल पाज. पोटभर पाज. मग बघा कसा रंग चढतो."

आणि गेला.

आमचे हे काही सुतार नव्हते. पण होड्या दुरुस्त करता करता हात बसलेला. पहिल्याच दिवशी रंधा मारला आणि थांबले. मला हाक मारली, "अगो, हिकडं ये. ऐक." रंध्याखालून लाकूड असं निघत होतं की आवाज नाही, नुसती कुजबुज. सागाला रंधा मारायचा तर घासाघीस, आंब्याला मारला तर लाकडाचे केस उभे राहतात; हे लाकूड म्हणजे खरवस. कोपऱ्यांना त्यांनी दात कापले आणि दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे बसवले. खिळा नाही. पेटी उभी राहिली तेव्हा ते दोन दिवस जेवायलाही नीट बसले नाहीत. नुसते तिच्याभोवती फिरायचे. लग्नाच्या वेळी माझ्याभोवतीसुद्धा एवढे फिरले नव्हते, आणि तेव्हा तर सात फेरे सक्तीचे होते.

मग तेल.

कुठलं तेल, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडलाच नाही. लाकूड म्हणजे होडी, आणि होडीला पाजायचं तेल म्हणजे मुशीचं. मुशी हा मोठा मासा; तिचं काळीज कढवून तेल काढतात, ते होडीला चोपडलं की खारं पाणी लाकडाला शिवत नाही. वास? असतो म्हणे. आम्ही त्यातच जन्मलो, आम्हाला काय कळणार? हे काम मी माझ्याकडे घेतलं. हाताने चोळलं, पदराने पुसलं, पुन्हा चोळलं. नामा पोटभर म्हणाला होता. मी तिला ढेकर येईपर्यंत पाजलं.

आणि रंग चढला. असा चढला की अख्खा कोळीवाडा बघायला आला. झाकणावरची नक्षी आतून हलते आहे असं वाटायचं. म्हाताऱ्या बायका तिच्यावर हात फिरवून तो डोळ्यांना लावायच्या. मांजरं तर सगळ्या आळीची आली. झाकणावर बसली, बाजूला बसली, एकीने तर पेटी चाटूनही काढली.

"बघा," मी ह्यांना म्हटलं, "मुक्या जिवालाबी कळतंय."

लग्न झालं. मी पाठराखीण म्हणून चंद्राबरोबर निघाले. होडीतून दिघीला उतरेपर्यंत सगळं ठीक. दिघीला पेटी बैलगाडीत चढवली आणि गाडीवानाने मागे वळून पाहिलं. मग थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं.

"बाय, सुकट हाय का?"

"न्हाय. नवरीची लुगडी."

त्याने बैल हाकले. मात्र वाटेत एक कुत्रं मागे लागलं, दुसरं लागलं, आणि आम्ही दिवेआगरला पोचलो तेव्हा आमची वरात मूळ वरातीपेक्षा बरीच मोठी झाली होती.

विहीणबाई आरतीचं ताट घेऊन दारात. नवरीवरून ओवाळलं, मग त्यांचा हात हवेतच राहिला. पदर नाकातोंडावर गेला.

"पेटीत काय हाय?"

"लुगडी," मी म्हटलं.

"आन त्याच्या खाली?"

"खालीपण लुगडीच."

"मग मेलंय काय?"

पेटी गोठ्यात गेली. सकाळी गाईने पान्हा चोरला. विहीणबाई मला म्हणाल्या, "एकादशीला घरी भजन हाय. सगळी माळकरी मंडळी येतील. तवर वास गेला तर पेटी माजघरात. न्हायतर बाय, तुमच्याबरोबर माघारी."

चंद्रा मला गोठ्यामागे नेऊन रडली. "वयनी, पेटी माघारी गेली तर जल्मभर ऐकायला लागंल मला. थोरलीच्या पेटीचा नुसता तळ पडला, तर तिला अजून ऐकवतात."

मग मी कामाला लागले. आधी राखेने घासली. राख संपली, वास राहिला. मग लिंबाच्या फोडी चोळल्या. त्याने मासळीला चव येते तशी त्या वासाला आली. मग डोकं चालवून पेटी उन्हात ठेवली. वैशाखाचं ऊन. लाकडाने पोटातलं होतं नव्हतं ते तेल वर काढलं, आणि पलीकडच्या वाडीतला माणूस विचारत आला, कुणाची होडी ओढून ठेवलीय म्हणून.

शेवटी ह्यांना निरोप धाडला. एकादशीच्या आदल्या सकाळी हे आले, हातात रंधा. पेटीकडे असं बघितलं, जसं आजारी लेकराकडे बघावं. म्हणाले, "तेल काय तळापर्यंत जात न्हाय. वरचा पापुद्रा काढतो."

अंगणात रंधा सुरू झाला. विहीणबाई ओटीच्या पार टोकाला, नाकावर पदर. पहिला पापुद्रा निघाला, दुसरा निघाला, आणि खालून ते लाकूड पुन्हा पहिल्यासारखं, जसं काही झालंच नाही. विहीणबाई एक पायरी उतरल्या. मग दुसरी. थोड्या वेळाने बघते तर त्या पेटीशेजारी बसलेल्या, आणि नाकावरचा पदर कधीचा खांद्यावर.

"ही रेघ कशी वळलीय बघा," त्या ह्यांना सांगत होत्या, पेटी जशी काही त्यांनीच केली. "देवाने काढली का काय."

रंधा संपला. मी विचारलं, "आता तेल?"

"तुम्ही हात लावू नका," विहीणबाई म्हणाल्या. आत गेल्या आणि समईचं तिळाचं तेल घेऊन आल्या. स्वतःच्या हाताने, चिंधी बोटाला गुंडाळून, हळूहळू चोळलं. रंग उमटला तशी चंद्रा दाराआडून पुढे आली. सासू तिला म्हणाली, "बस हितं. असं चोळायचं. ही पेटी आता माझ्या घरातून हलायची न्हाय." चंद्राचा चेहरा त्या क्षणी पेटीपेक्षा उजळ होता, आणि पेटी काही कमी उजळ नव्हती.

एकादशीच्या संध्याकाळी पेटी माजघरात, त्यावर हळदीकुंकू. भजनी मंडळी यायची वेळ. मी धुतलेली लुगडी घडी घालून पेटीत रचत होते, हे परत निघायच्या तयारीत, रंधा हातात घेऊन शेजारी उभे. विहीणबाई आत आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

"येतोय अजून."

चंद्राच्या हातातला तांब्या पडला. विहीणबाईंनी झाकणाला नाक लावलं. मान हलवली. पेटीच्या आत डोकं घातलं. मान हलवली. एक लुगडं उचलून हुंगलं, ठेवलं. मग माजघरभर नाक वर करून फिरत फिरत आल्या, आणि माझ्या पदरापाशी थांबल्या. तोच पदर, ज्याने मी मुशीचं तेल पुसलं होतं. आणि तेच हात.

"पेटीचा गेला," त्या अगदी मायेने म्हणाल्या. "ह्यो तुमचा हाय."

आमच्या ह्यांनी हातातल्या रंध्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "हिचं मातर आतपर्यंत मुरलंय."